बोटाखालची ओळ

डोळ्यांत थेंब घालून वीसेक मिनिटं झाली होती आणि शालिकराम डाखोळेला समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं होतं. धंतोलीतल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात तो दरवर्षी यायचा. अंगात साखर होती, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागायचा. बाकावर शेजारी काटोलचे, कळमेश्वरचे, कुठकुठचे लोक डोळे मिटून बसले होते. त्यालाही मिटून बसायला सांगितलं होतं, पण तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला डोळे मिटून बसणं जमत नाही; पाठीमागे कोणीतरी काहीतरी करतंय असं त्याला वाटत राहतं. म्हणून तो उघड्या डोळ्यांनी काहीच न पाहता बसला होता. तेवढ्यात निळ्या गणवेशातली एक मुलगी पुढ्यात येऊन थांबली, त्याच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाली, "सर, ओळखलं नाही न? मी अपेक्षा. अपेक्षा गजभिये. चौथीत होती तुमच्याजवळ."

नाव ऐकल्यावर चेहऱ्याची गरजच उरली नाही. तो चेहरा त्यानं निदान दोनशे वेळा पाहिला असेल, दोन लाल रिबिनी, पुढचा अर्धा दात, प्रत्येक वेळी पडद्यावर. "तू इथं काय करून राहिली वं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, मदतनीस आहे, आठ महिने झाले, पेशंटला या खोलीतून त्या खोलीत न्यायचं, थेंब टाकायचे. त्याला आनंद झाला. आपली पोरगी दवाखान्यात लागली, हातात कागद घेऊन फिरते, याचा मास्तराला होतो तो साधा, फुकटचा आनंद. तो म्हणाला, "मग हे काय लिहून आहे वाच बरं. मले तर काहीच दिसून नाही राहिलं."

तिनं कागद घेतला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचलं, "रोज दोन वेळा एक-एक थेंब टाकायचा, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि एका महिन्यानं दाखवायले यायचं." आवाज स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. पण कागदावर दोनच ओळी होत्या. अक्षर दिसत नसलं तरी ओळी किती ते शालिकरामला दिसत होतं. तिचं बोट पहिली ओळ संपवून दुसरीवर आलं, दुसरीच्या टोकाशी जाऊन नखानं टक्क झालं, आणि वाक्य मात्र अजून चालूच होतं. मग ते बोट गुपचूप वर गेलं आणि पहिल्या ओळीखालून पुन्हा चालायला लागलं. ती नखाची टक्क त्याची होती. पूर्णविराम आला की बोटानं टक्क करायचं, हे पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसानं शिकवलं होतं.

"अपेक्षा," तो म्हणाला, "हे इथं लिहिलेलं नाही."

"सर, हळू बोला न." ती बाकाच्या कडेला टेकली. बसायची परवानगी नसावी, कारण बसल्या बसल्या तिनं दोन्हीकडे पाहिलं. "मले वाचता नाही येत सर. तुम्हाले तर माहीत आहे."

या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, तिला समजावता आलं असतं, व्यवस्था, वर्गातली संख्या, वरून येणारी पत्रं, सगळं सांगता आलं असतं. ती नुसती दोघांना माहीत असलेली एक गोष्ट बोलली होती, गावचा रस्ता कुठून जातो हे बोलावं तशी. आणि शालिकरामला खरंच माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट माणूस इतकी नीट घडी घालून ठेवू शकतो की ती आपल्याच पेटीत आहे हे त्याला आठवत नाही, याचंच त्याला त्या क्षणी नवल वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी शाळेत 'अक्षरझेप' नावाची वाचन सुधारायची योजना आली होती. त्याआधी दुसरं काही आलं होतं, त्यानंतर तिसरं आलं. शाळेत सुधारणा पाहुण्यासारख्या येतात, चहा होतो, फोटो होतो, आणि पाहुणा गेला की आपण चादर झटकून पुन्हा होतो तिथं बसतो. अक्षरझेपेची चार कार्डं होती: अक्षरांचं, शब्दांचं, परिच्छेदाचं आणि गोष्टीचं. प्रत्येक पोराला एकेक कार्ड दाखवायचं, ते कुठल्या पायरीवर थांबतं ते मोबाइलमध्ये भरायचं, की शाळेच्या नावासमोर लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका उमटायचा. लाल ठिपक्याच्या शाळेला भेट व्हायची, खुलासा मागितला जायचा, आणि मुख्याध्यापक नत्थूजी वर्गाच्या दारात येऊन काही न बोलता उभे राहायचे, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं. कार्डं मात्र वर्षभर तीच. जे कार्ड वर्षातून सहादा पोरांसमोर येतं ते पोरांना पाठ होणारच, त्यात मास्तराचा दोष नाही. दोष पुढचा आहे. पोरं कार्डाकडे न पाहता बोलतात हे शालिकरामच्या ध्यानात आलं, आणि ते थांबवण्याऐवजी त्यानं त्यांना कार्डाकडे पाहायला शिकवलं. बोट ओळीखालून कसं सरकवायचं, ओळ संपली की डोळे डावीकडे कसे आणायचे, कुठं किंचित अडखळायचं म्हणजे खरं वाटतं. ही शिकवणी त्यानं मनापासून केली. इतकं मन लावून त्यानं त्या वर्षात दुसरं काही शिकवलं नव्हतं.

अपेक्षा त्यातली हिरा. तिला एकदा ऐकलेलं विसरताच येत नसे. योजनेचं चित्रण करायला वरून माणसं आली तेव्हा नत्थूजींनी आणि त्यानं मिळून तिचंच नाव काढलं. आमच्या गावाबाहेर मोठे तळे आहे, तळ्यात कमळे आहेत, असं करत करत ती गोष्टीच्या कार्डापर्यंत गेली, आणि 'तेवढ्यात' हा शब्द आला की कार्ड उलटायचं, तर तिनं 'तेवढ्यात'वर कार्ड उलटलं. कॅमेऱ्यामागच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, दुसरं काही नवीन वाचायला देऊ या का हिला? शालिकरामनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, पोरं सकाळपासून उपाशी आहेत, खिचडी थंड होते. एवढंच. पुढच्या वर्षी हिला नीट शिकवू, हे त्यानं त्याच वेळी मनात म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या पावणेदोन मिनिटांच्या चित्रफितीनं तो 'तज्ज्ञ मार्गदर्शक' झाला. दिवाळीनंतर त्याला प्रशिक्षणांना बोलावू लागले, चौथीचा वर्ग चपराशाच्या भरवशावर राहिला, आणि मास्तरांना शिकवायला गेलेला मास्तर पुन्हा पोरांकडे आला नाही.

"मग आतापर्यंत कसं केलं वं?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं ते असं, की जणू यात काही विशेष नाही. आठवीपर्यंत कोणी नापास करत नव्हतं. नववीत दोनदा बसली आणि सोडलं. आकडे येतात, नाव लिहिता येतं. दवाखान्यात फायलींना रंग आहेत, खोल्यांना नंबर आहेत, डॉक्टर बोलतात ते लक्षात राहतं. कागद हातात दिला तर कोणता असेल ते माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं. आज सरांच्या बाबतीत चुकलं, कारण सरांचा चेहरा पाहून तिला दुसरंच काही आठवलं. हे सगळं ठीक होतं. ठीक नव्हती ती आईची गोष्ट.

कांताबाईला शालिकराम ओळखत होता. चार घरची धुणीभांडी करणारी, पालकसभेला हमखास येणारी आणि काही न विचारता शेवटपर्यंत बसणारी बाई. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची तेव्हा पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेतून एक पुस्तक घ्यायचीच. दुकानदाराला म्हणायची, माझी पोरगी हुशार आहे, तिच्याजोगं दे. घरी आणून अपेक्षाच्या हातात द्यायची, आणि अपेक्षा ते उघडून, बोट ओळीखाली ठेवून, आईला वाचून दाखवायची. म्हणजे मनानं सांगायची. जे पुस्तक कशाचं आहे हे तिला ठाऊक नाही त्यातून ती अकरा वर्षं आईला गोष्टी काढून देत आली होती. "आई म्हणते किती छान लिहून ठेवलं आहे माणसांनी," अपेक्षा म्हणाली आणि हसली नाही. आता वर्षावास चालू होता, आषाढ पौर्णिमेपासूनचे पावसाळ्याचे तीन महिने. वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, पाळीपाळीनं एकेक जण दीड-दोन पानं वाचतं. अपेक्षा दरवर्षी कधी घसा धरते, कधी ड्युटी सांगते. यंदा कांताबाईनं न विचारता समारोपाच्या दिवसाला, आश्विन पौर्णिमेला, तिचं नाव देऊन टाकलं होतं. त्या दिवशी सगळी वस्ती येते. "सतरा दिवस आहेत सर," ती म्हणाली. "आईले त्या दिवशी कळलं तर ती काही बोलणार नाही. तेच बेकार आहे."

चालताना चुकून कोणाच्या पायावर पाय पडावा आणि आपण घाईनं हात जोडावेत, त्या घाईनं शालिकराम म्हणाला, "मी शिकवतो तुले. उद्यापासून." तिनं त्याच्याकडे पाहिलं असावं. दुधासारख्या त्या उजेडात एक निळा आकार उठला आणि त्याचा हात धरून त्याला तपासणीच्या खोलीपर्यंत घेऊन गेला. घरी गेल्यावर, संध्याकाळी नजर आली तेव्हा, त्यानं तो कागद वाचला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की आज वाहन चालवू नये. तो गाडी चालवत आला होता.

सोमवारी प्रशिक्षण होतं. साठ शिक्षक, मोठं सभागृह, समोर स्पर्शानं चालणारा भलामोठा फळा, ज्याच्या कोपऱ्याला उद्घाटनाचं कुंकू अजून चिकटून होतं. या वर्षीचं नवीन असं होतं की पोरानं मोबाइलसमोर वाचायचं, मोबाइल ऐकणार आणि स्वतःच टक्के देणार. मास्तरानं काही भरायचंच नाही, म्हणजे मास्तराला खोटं भरता येणार नाही. हे सांगताना अधिकारी अंकुश ठवकर, पस्तिशीचा, हसतमुख, खरोखर कामसू पोरगा, जरा लाजला होता. शालिकराम पहिल्या रांगेत बसून विचार करत होता की या यंत्राला कान आहेत, डोळे कुठं आहेत. ते बोट पाहणार नाही. आता तर बोटाचीसुद्धा गरज उरली नाही. मग अंकुशनं नेहमीप्रमाणे दिवे मंद केले आणि नेहमीप्रमाणे फळ्यावर ती आली, लाल रिबिनी, अर्धा दात, आमच्या गावाबाहेर मोठे तळे आहे. शालिकरामला वाटलं तिच्या अंगावर निळा गणवेश आहे. तो उठला, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाला, "ही पोरगी वाचून नाही राहिली. हे पाठ आहे. मी पाठ करून घेतलं होतं. ती आता वीस वर्षांची आहे आणि तिले आजही वाचता येत नाही."

आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं. त्याला एक प्रकारचा हलकेपणा आला होता, शाळा सुटताना असतो तसा. मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. दोघं-तिघं हसले. बाकीचे वाट पाहत राहिले, कारण प्रशिक्षणात असं काही झालं की पुढे तात्पर्य येतं. अंकुशनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि उठून टाळी वाजवली. "बघा, सरांनी किती मोठा प्रश्न आपल्यासमोर ठेवला. पाठांतर आणि वाचन. चला, दहा-दहाचे गट करू. प्रत्येक गटानं फरक लिहायचा. वीस मिनिटं." तक्तेकागद वाटले गेले, रंगीत पेनं वाटली गेली. साठ माणसं जमिनीवर बसून पाठांतर आणि वाचन यांतला फरक दोन रकान्यांत लिहू लागली, काहींनी कडेला वेलबुट्टी काढली. मग सगळे तक्ते भिंतीला चिकटवून त्यांच्यासमोर फोटो झाला. शालिकरामला मध्ये उभं केलं होतं. आपण कबुली दिली आणि तिचा उपक्रम झाला, हे त्याला फोटो काढताना कळलं, आणि सवयीनं तो हसला.

चहाच्या वेळी एक तरुण शिक्षिका त्याच्याजवळ आली. भावना बोंद्रे, दुसरंच वर्ष नोकरीचं, बोटांना अजून खडू. "सर, ते खरं होतं काय?"

"खरं होतं."

"मले वाटलंच." ती म्हणाली. "माह्या वर्गात चौतीस आहेत. त्यातले अकरा असेच बोलतात, न पाहता. त्याईले खरं वाचायले कसं शिकवायचं सर?"

शालिकरामनं तोंड उघडलं. त्याच्याजवळ या विषयावर प्रशिक्षणात पडद्यावर दाखवायची चाळीस सरकचित्रं होती, कोणत्या क्रमानं काय करायचं ते बाणांनी दाखवलेलं. ती सगळी त्याला डोळ्यांसमोर दिसत होती आणि त्यातल्या एकावरही पाय ठेवून उभं राहता येत नव्हतं. त्याला आठवली ती मिनल, कळमेश्वरकडच्या खेड्यात त्याची पहिली नेमणूक असतानाची. एकशिक्षकी शाळा, चिंचेखाली वर्ग. एक दिवस एसटी धूळ उडवत थांबली, आणि सात वर्षांची ती पोर गाडीच्या पाटीकडे पाहून म्हणाली, का, टो, ल, आणि मग एकदम, काटोल. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मग ती धावत जाऊन दिसेल ते वाचत सुटली, दुकानाची पाटी, भिंतीवरची बियाण्यांची जाहिरात, डब्यावरचं नाव. त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आपण शिकवलं. इतकी वर्षं त्या एका दिवसाच्या जोरावर तो स्वतःला मास्तर म्हणवत आला होता. पण आता चहाचा पेला हातात घेऊन उभा असताना त्याला स्पष्ट दिसलं की ती शिकली. तो फक्त तिथं उभा होता. त्यानं काय केलं होतं हे त्यालाच माहीत नव्हतं.

"हळूहळू येते," तो म्हणाला.

"शनिवारी आकडे जायचे आहेत सर," भावना म्हणाली, आणि मग जराशी खाली पाहून, "ते बोट कसं शिकवलं तुम्ही, तेवढं तरी सांगा न." ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत गरज होती. अशीच गरज त्यानं एकदा स्वतःच्या आरशात पाहिली होती. त्यानं तिला सांगितलं नाही. पण हेही तिला सांगितलं नाही की ते कधीच करू नका. चहा थंड होतो तुमचा, एवढंच तो म्हणाला.

अपेक्षाची ड्युटी चारला सुटायची. धंतोलीतल्या बागेत एका बाकावर तो अक्षरकार्डं, पुठ्ठ्याची अक्षरं, शाळेतून आणलेला टॅब असं सगळं मांडून बसे. बाजूनं दवाखान्यांतले नातेवाईक डबे घेऊन जात-येत. पहिल्या दिवशी त्यानं क, म, ल ठेवले. तिनं ओळखले. कमल झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच शब्द उलटसुलट केले तेव्हा कळलं की तिनं अक्षरं पाहिलीच नव्हती. कोणतं कार्ड कुठं ठेवलं, कोणत्या कार्डाची कड चुरगळली, हे तिच्या ध्यानात होतं. त्यानं नवीन कार्डं केली. तिनं त्याचा चेहरा वाचला; बरोबर उत्तराच्या जवळ आली की सरांच्या भुवया हलतात, हे तिनंच त्याला नंतर सांगितलं. तो पाठमोरा बसू लागला. टॅबवर शब्द बोलून दाखवणारा खेळ होता, तो तिनं दोन संध्याकाळी पूर्ण जिंकला. टॅबनं फुगे उडवले, टाळ्या वाजवल्या. खेळातलेच शब्द त्यानं वर्तमानपत्रात दाखवले तेव्हा ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात शिरायचं दार एकच होतं, कानाचं, आणि त्या दारातून सगळं इतक्या सहज आत जायचं की दुसरं दार उघडायची कधी वेळच आली नव्हती. ते दार त्यानंच बंद केलं होतं की ते आधीपासूनच बंद होतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. पोरांचं अक्षरांशी जमत नाही अशा दोषावर त्यानं तासभराचं सत्र घेतलं होतं, दोनदा. त्यात अशा पोराला लवकर ओळखा असं सांगितलं होतं. ओळखल्यावर काय करायचं ते पुढच्या सत्रात होतं आणि पुढचं सत्र कधी झालं नाही.

सातव्या दिवशी एक क्षण आला. ती 'मगर' पाहत होती, भुवया आकसून, ओठ नुसते हलवत, म, ग, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच भीती आली जी मिनलच्या चेहऱ्यावर आली होती. तिचं बोट थांबलं होतं. मग समोरून कोणीतरी तिला हाक मारून गेलं, तिनं मान वर केली, आणि परत पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "मटर." असा क्षण पुन्हा आला नाही.

मधे दसरा झाला. दीक्षाभूमीच्या गर्दीतून कांताबाईनं नवीन पुस्तक आणलं. अपेक्षानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बागेत आणलं, जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. "हे काय आहे सर?" शालिकरामनं पाहिलं. ते बांधकाम कायद्याचं पुस्तक होतं. "आई म्हणते आज रात्री सुरुवात कर," ती म्हणाली. मग पुस्तक पिशवीत ठेवलं आणि पुठ्ठ्याची अक्षरं गोळा करू लागली. सगळी गोळा झाल्यावर म्हणाली, "चार दिवस राहिले सर. तुम्ही ते दीड पान फोनमध्ये वाचून द्या न मले."

"नाही," शालिकराम म्हणाला. "ते नाही करायचं आता."

"मग काय करायचं?"

रागावता येईल असं त्या बागेत कोणी नव्हतं. तिला खोटं बोलायचं नव्हतं, तिला आईला वाचवायचं होतं. त्यानं तिच्याकडून त्या पानांचा फोटो मागून घेतला, घरी गेला, दार लावलं आणि फोन समोर ठेवून वाचलं. पहिल्यांदा नुसतं वाचलं. मग ऐकलं आणि लक्षात आलं की ओळ संपते तिथं आवाज संपत नाही, बोट चुकेल. म्हणून त्यानं पुन्हा वाचलं, ओळीच्या टोकाशी केसभर थांबत, श्वास कुठं घ्यायचा ते ठरवून, पान उलटायच्या आधीचा शब्द किंचित लांबवून. चौथ्या वेळी ते उत्तम झालं. गेल्या अकरा वर्षांत आपलं एखादं काम इतकं नीट झाल्याचं त्याला आठवेना. त्याला हे येत होतं. एवढं एकच येत होतं. तो फोन हातात घेऊन बसून राहिला, आणि त्याला रडू आलं, पण ते आलं आणि काही न करता निघून गेलं.

पौर्णिमेला विहार गच्च भरला होता. पांढऱ्या साड्या, खीर शिजल्याचा वास, दाराशी चपलांचा ढीग. वंदना झाली. शालिकरामला कांताबाईनं हाताला धरून पुढं आणून बसवलं आणि शेजारच्या बायकांना सांगितलं, "हेच थे सर. माह्या पोरीले यांनीच शिकवलं." बायकांनी हात जोडले. त्यानंही जोडले. मग अपेक्षा पुढं गेली, पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये, ग्रंथ समोर घेतला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. तो समोर बसून तिचं बोट पाहत होता. ओळ संपली, बोट संपलं. पान उलटायची वेळ आली, पान उलटलं. आवाजात त्याचेच थांबे होते, त्याचाच श्वास, पण शब्दांना तिनं काहीतरी स्वतःचं दिलं होतं, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन पायरी उतरवावं तसं. विहारात कोणी हललं नाही. कांताबाई पदरानं डोळे पुसत नव्हती. ती ताठ बसून होती, इतकी ताठ की तिच्याकडे पाहवत नव्हतं.

दीड पान संपलं. अपेक्षानं ग्रंथ मिटायला घेतला तेवढ्यात पुढं बसलेली बायजाबाई, वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई, म्हणाली, "थांब वं. किती सोन्यासारखं वाचते. तेवढा भाग पुरा करून टाक, दोनच पानं आहेत."

"हो, वाच न," मागून दोन-तीन आवाज आले.

अपेक्षानं ग्रंथ पुन्हा उघडला. पानाकडे पाहिलं. शालिकरामला तिच्या कानशिलावरची शीर दिसत होती. बोट तिनं ओळीखाली ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. आपण उठलं पाहिजे, काहीतरी बोललं पाहिजे, हे त्याला कळत होतं. साठ मास्तरांसमोर बोललेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलंही, पण इथं त्याचा उपक्रम झाला नसता. इथं ते ऐकलं गेलं असतं. तो उठला नाही. मग अपेक्षानंच मान वर केली आणि तिच्या ऐटदार, स्वच्छ आवाजात म्हणाली, "आज माहे सर आले आहेत. उरलेलं त्याईनं वाचावं अशी माही इच्छा आहे." कौतुकाचा एक आवाज झाला. कांताबाईनं वळून सगळ्यांकडे पाहिलं.

शालिकराम पुढं गेला, तिच्या शेजारी बसला, चष्मा सारखा केला आणि वाचू लागला. शब्द त्याच्या तोंडातून सरळ, स्पष्ट बाहेर पडत होते आणि त्यातलं त्याला काही कळत नव्हतं. अर्ध्या पानानंतर त्याला शेजारी काहीतरी हलताना जाणवलं. अपेक्षा पानाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिचे ओठ त्याच्यामागून, एका शब्दाच्या अंतरानं, आवाज न करता चालले होते.

खीर वाटायला सुरुवात झाली तेव्हा कांताबाई दोन द्रोण घेऊन आली. ती म्हणाली की बायजाबाईनं आताच सांगितलं, पुढच्या वर्षी समारोपाचा अख्खा आठवडा अपेक्षानंच वाचायचा, सात दिवस, नाव टाकूनही झालं. एवढं सांगून ती दुसऱ्यांना खीर द्यायला गेली. अपेक्षा द्रोण हातात धरून उभी होती.

"सात दिवसांचं किती होईल सर?" तिनं हळूच विचारलं. "पानं?"

"बारा-तेरा," शालिकराम म्हणाला. त्यानं मनातल्या मनात ती वाटून टाकली होती. "आषाढापासून बसलो तर होऊन जाईल." ती मान हलवून बायकांमध्ये मिसळली, आणि तो खीर खाऊ लागला. साखर होती तरी.